काचेच्या दाराचा गाळा

ऑफिस सुटून बरीच वर्षं झाली, पण जुनी मंडळी भेटली की हे किस्से निघतातच. यातला एकही रचलेला नाही. रचायची कधी गरजच पडली नाही!

नव्वदीचं दशक संपता संपता दोघांनी बोळिंजमध्ये गाळा घेतला. अनघा मॅडम कॉलेजात सायकॉलॉजी शिकवायच्या. फ्रान्सिस सर कारखान्यात मिक्सरची डिझाइनं करायचे. आपण काढलेलं बटण किती अवघड आहे, हे सरांना घरीच कळलं. बायको मिक्सर चिमट्याने चालू करायची! दोघांनी पक्क्या नोकऱ्या सोडल्या. काम एकच: कंपनीची वस्तू साध्या माणसांच्या हातात द्यायची आणि ती माणसं कुठे अडतात ते बघायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी चौकशीला आले. "इथे काय विकता?"

"काही नाही. लोक वस्तू कशा वापरतात ते बघतो," सर म्हणाले.

"आणि ते बघू देतात?"

*

माझा इंटरव्ह्यू. गाळ्याचं काचेचं दार मी ढकलत राहिले. ते ओढायचं होतं. आत येऊन म्हटलं, "सॉरी सर."

"तुम्ही कशाला? दाराने म्हणायला पाहिजे!"

सोमवारपासून कामाला लागले. दार मात्र मी तिथे असेपर्यंत तसंच होतं.

*

टेस्ट चालू असताना मदत करायची नाही, हा मॅडमचा नियम. अर्नाळ्याच्या मासळी विकणाऱ्या फिलोमावशींना त्यांनी नवा मोबाइल दिला. "लेकीला फोन लावा," म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

मावशींनी एक बटण दाबून वर पाहिलं. मॅडम गप्प. दुसरं दाबलं. मॅडम गप्पच.

शेवटी मावशींनी मॅडमचा हात हातात घेतला. "तुला पन नाय येत ना, बाय? लाजू नको. मी कोनाला सांगत नाय."

*

सरांच्या आईला हा धंदा कधी समजलाच नाही. "पोरगा नोकरी सोडून लोकांकडे बघत बसतो," असं तिने काळजीने फादरना सांगितलं.

रविवारी भर मिस्सामध्ये फादर म्हणाले, "आपल्या फ्रान्सिसला लवकर काम मिळावं म्हणून प्रार्थना करू या."

सगळं चर्च म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

सरही म्हणाले. मोठ्याने! तेव्हा खरंच हातात एकही काम नव्हतं.

*

मग एका वॉशिंग मशीनवाल्या कंपनीचं काम आलं. ते हातचं गेलं असतं तर गाळा बंदच करावा लागला असता. सरांनी दोन खोल्यांच्या मध्ये खास काच बसवली. उजेडातल्या माणसाला ती आरसा दिसते, पलीकडे अंधारात बसलेल्याला मात्र आरपार दिसतं. कंपनीचे साहेब अंधारात बसले. पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून, लाइट गेली की आपोआप लागणारा इन्व्हर्टरचा दिवा सरांनी फक्त त्यांच्या खोलीत बसवला होता.

उजेडात नायगावच्या निवृत्त शिक्षिका, वैद्यबाई. पलीकडून काही जण बघतायत, हे मॅडमनी त्यांना आधीच सांगितलं होतं. बाई मशीनची बटणं दाबून थकल्या होत्या. मशीन ढिम्म.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे अंधार झाला, इन्व्हर्टरने पलीकडचा दिवा लावला, आणि आरशाची खिडकी झाली! आत टाय लावलेले नऊ साहेब, हातात समोसे.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे कोण?"

मॅडम खोटं बोलत नसत. "हे मशीन यांनी बनवलंय."

बाईंनी एकेकाकडे नीट पाहिलं.

"एवढ्या जणांनी?"