तिसऱ्या भागाचा शेवट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळंच सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

सुरुवात पुस्तकांपासून करते, ते सोपं आहे. मला प्रेमाच्या कादंबऱ्या लागतात. त्यातही शाप, राजवाडे, पंखवाले राजपुत्र असलेल्या, विटेएवढ्या जाड, इंग्रजी. वाचते आणि नावं ठेवते. नायिका म्हणे दिसायला साधीच, पण पन्नास पानांच्या आत तीन जण तिच्यावर फिदा. नायक पाचशे वर्षं जगलेला, तरी रुसतो दहावीतल्या पोरासारखा. वादळात धर्मशाळेत शिरले की खोली एकच शिल्लक, आणि खोलीत पलंगही एकच. ज्याने पहिल्या भेटीत गळ्याला तलवार लावली, त्याच्याच गळ्यात शेवटी हार. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात डब्याच्या वेळी मी हे रंगवून सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. त्या एका पलंगाच्या पानाशी मी घरी रेंगाळायचे, परत मागे जाऊन वाचायचे — हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मावशी आमच्याकडे डोंबिवलीला राहते. आईची धाकटी बहीण, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. माझी मुलगी झाली तेव्हा मी तिला बोलावून घेतलं. एकटी आहे बिचारी, असं मी लोकांना सांगायचे. खरं तर मला पोर सांभाळायला भरवशाचं माणूस हवं होतं. वाचनाची तिला दांडगी आवड, पण डोळे अधू झाले तशी पुस्तकं सुटली. मग रविवारी दुपारी ती भाजी निवडायची आणि मी माझ्या इंग्रजी कादंबऱ्या तिला मराठीत करून ऐकवायचे, पान समोर धरून, वाक्यामागून वाक्य.

मावशी नावं ठेवायची नाही. "अगं, तलवार लावली ना गळ्याला? मग लग्न ठरलं बघ," म्हणायची आणि खुशाल मेथी निवडत बसायची. एखादी गोष्ट इतकी सरळ आवडू शकते, याचा मला हेवा वाटायचा.

आमची एक तीन भागांची कादंबरी चालू होती, त्या सुमाराला सावंतकाका येऊ लागले. आमच्या गावाकडचेच, एसटीतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून कळव्याला एकटे. येताना आमसुलं आणायचे, कधी सुके बांगडे. मावशीशी गावच्या गप्पा मारून जायचे. एक दिवस त्यांनी तिला विचारलं — लग्न म्हणा, सोबत म्हणा — कळव्याला याल का? मावशीने मला हे सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मी कौल लावलाय," ती म्हणाली. "आता गावी देवळात कोण जातंय? आपल्या पुस्तकातली ती दोघं तिसऱ्या भागात शेवटी एक झाली, तर उजवा. नाहीतर डावा."

आमच्या कोकणात गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. आणि मिळालेला कौल कोणी फिरवत नाही. मी हसले. ती हसली नाही.

आता बघा — शेवट मला ठाऊक होता, मी तिन्ही भाग आधीच वाचले होते. आणि मावशीही काही भोळी नव्हती. तलवारीचं पुढे काय होतं हे तीच मला सांगायची. जिथे उजवाच पडणार, अशा ठिकाणी तिने कौल लावला होता. तिला हो म्हणायचंच होतं, फक्त आधी देवीने म्हणावं असं वाटत होतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं का? — कळलं होतं.

शेवटच्या प्रकरणात युद्ध संपतं, शाप उतरतो, तो जखमी अवस्थेत तिच्या दाराशी येतो आणि ती दार उघडते. छापलेलं हे असं आहे. मावशीच्या हातात गवार होती. माझ्या डोक्यात सोमवार होता — मुलीला शाळेतून कोण आणणार, तिला खाऊपिऊ कोण घालणार? सोसायटीतल्या बायका काय बोलतील, हेही होतं. पानावरची नजर न काढता, आवाज जराही न हलू देता मी वाचलं की तो वाटेतच गेला. ती दार उघडते, तर बाहेर कोणी नाही.

गुरव मी होते. पाकळी मी बोटाने ढकलली.

"असं कसं गं?" मावशी म्हणाली. "तलवार लावलेली ना त्याने?"

हल्ली असेच शेवट करतात, मी म्हणाले. ती गवारीच्या शिरा काढत राहिली.

स्वतःला मी सांगितलं की कादंबऱ्यांच्या नादाने कोणी संसार मांडत नाही, मी तिला वाचवतेय. ज्या पुस्तकांची मीच पारायणं करत होते, त्यांच्या नावाने हे. सावंतकाका त्यानंतर एकदा आले, चहा घेतला, पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी ते वारल्याचं गावाकडून कळलं. पोट बरं नाही म्हणून मावशी त्या दिवशी जेवली नाही. प्रेमाची गोष्ट तर तिने त्या रविवारनंतर कधी मागितलीच नाही. खुनाची वाच, म्हणायची. ऑफिसात मी मात्र तशीच हसवत राहिले.

मुलगी आता कॉलेजात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने माळ्यावरून ती तिन्ही पुस्तकं काढली आणि फडशा पाडला. मावशीला ती आजीच म्हणते. जेवताना तिला सांगू लागली, "आजी, लास्टला तो येतो ना तिच्या दारात, मी सॉलिड रडले यार."

मी आमटी वाढत होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"येतो होय?" ती म्हणाली. "तुझ्या आईच्या हातून तेव्हा पान सुटलं असेल."

पान सुटलं नव्हतं. ते माझ्यासमोर उघडं होतं.

पुढच्या रविवारी तिसरा भाग माझ्या खुर्चीवर ठेवलेला होता. "शेवटचं तेवढं वाच," ती म्हणाली. मी वाचलं, जसं छापलंय तसं, ती दार उघडते तिथपर्यंत. या वेळी आवाज हलला. मावशी वाटाणे सोलत होती.

"उजवा होता तर," ती म्हणाली, आणि टरफलं गोळा करून आत गेली.