एका वर्षापुरती जमीन

सासरे खिडकीत चहा पीत होते आणि समोर जाक्शिलिकनं भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर त्यांच्या जमिनीत शिरला. जाक्शिलिक आमचा शेजारी. मी कणकेच्या हातांनीच बाहेर धावले.

"अरे, विचारलंस कुणाला?"

"सापरला, वहिनी. फोनवर. म्हणाला, पडूनच आहे, लाव की बटाटे."

सापर म्हणजे माझा नवरा. रशियात ट्रक चालवतो. तिथं बसून इथली जमीन वाटायला याचं काय जातं! जाक्शिलिकचं मात्र मला वाईट वाटलं. घरात तीन मुली, आणि शेत असं उंचावर की पाटाचं पाणी चढत नाही. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून आमच्या जमिनीत नुसतं तण माजलं होतं.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानंच विचारलं, "बाता झाली ना?"

जाक्शिलिकनं आमच्या खिडकीकडे बघितलं. त्यानं इंजिन बंद केलं. जमिनीच्या म्हाताऱ्या धन्यानं ओंजळ उघडून बाता, म्हणजे आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्या गावात नांगर टेकत नाही.

मी आत आले. सासऱ्यांनी पेल्यावर हात ठेवला होता. चहा नको.

"मी कधी वारलो गं?" ते म्हणाले. "कळवायचंस तरी. मीही आलो असतो मातीला."

मला हसू आलं आणि रडूही. घरात बसल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. कुठला मेंढा विकायचा, छपराला कुठला पत्रा घालायचा, सगळं परस्पर ठरायचं. का, तर त्यांना त्रास नको.

"तुम्ही आहात म्हणूनच ट्रॅक्टर थांबलाय, बाबा. कल्पाक देऊ?"

त्यांनी पेल्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "नवा दे."

डोक्यावर नवा कल्पाक, म्हणजे पांढरी नमद्याची टोपी चढवून त्यांना जाक्शिलिक आणि ट्रॅक्टरवाल्यानं उचललं आणि ट्रॅक्टरवरच बसवलं. शेतात आल्यावर त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"हं. आता विचार."

"अक्साकाल," गावातल्या वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं जाक्शिलिक म्हणाला, "तुमची जमीन मला..."

"आधी तब्येत विचार! मग मेंढ्यांची विचार. थेट जमिनीवर काय उडी मारतोस?"

बिचाऱ्यानं तब्येत विचारली, मेंढ्या विचारल्या, सापरचा ट्रकसुद्धा विचारला. मग जमीन मागितली.

"किती दिवसांसाठी?"

"तुम्ही म्हणाल तितके."

मला वाटलं, म्हणतील, कर हवी तितकी वर्षं. माणूसच तसा. एकदा भर थंडीत अंगावरचा कोट कुणाला तरी देऊन कुडकुडत घरी आले होते.

"एक वर्ष," सासरे म्हणाले.

जाक्शिलिकचा चेहरा पडला.

"पुढच्या वर्षी परत यायचं. मला विचारायला. सापरला नाही."

मग त्यांनी ओंजळ उघडली. आम्हीही उघडली. बटाट्यांना बाता मिळाली, जाक्शिलिकच्या मुलींना मिळाली, ट्रॅक्टरलाही मिळाली. "ओमिन" म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. घरी येऊन त्यांनी तीन पेले चहा मागून घेतला.

बटाटे छान आले. पण या हिवाळ्यात सासरे फार वाळलेत. जेवण जात नाही. तरी रोज सकाळी नवा कल्पाक मागून घेतात आणि जाक्शिलिकच्या फाटकाकडे बघत बसतात.

काल मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "जमीन मागायला ये."

"वहिनी, अजून गुडघाभर बर्फ आहे की!"

"असू दे," मी म्हणाले. "आजच ये."