शहापूर-मुरबाड: बारा ग्रंथपाल आणि तेरावा कोल्हा

नाशिकहून कसारा घाट उतरून शहापूर जवळ आलं की उजव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात. गेली वीस वर्षं मी ते एसटीच्या खिडकीतून बघतेय आणि दर खेपेला "पुढच्या वेळी नक्की उतरायचं" असं म्हणत ठाण्याला जातेय. यंदा जानेवारीत एकदाची उतरले, पण गड चढायला नाही. खेड्यापाड्यांतल्या ग्रंथपालांना ऑनलाइन साधनं शिकवायला! ठरलेल्या प्रशिक्षकांची ऐन वेळी कंबर धरली आणि आयोजकांना कुणीतरी सांगितलं की नाशिकच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंना यातलं सगळं येतं. सगळं म्हणजे एक ऑनलाइन तक्ता, आणि तोही आठच दिवसांपूर्वी भाचीकडून शिकलेला. पण वासरात लंगडी गाय शहाणी, असा हिशेब करून मी हो म्हणून बसले.

जायचं असेल तर सकाळी सहाच्या सुमाराची ठाण्याची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. हायवेला उतरलं की शहापूर गावात जायला शेअर रिक्षा मिळते, वीस रुपये. स्टँडजवळची मिसळ झणझणीत आहे आणि तिच्यावर दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर कुणी तोंड वाकडं करत नाही. मी तीनदा मागितला, तेव्हा केलं.

प्रशिक्षण एका वाचनालयाच्या माडीवर होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले मिळून बारा ग्रंथपाल आले होते. कुणी भेंडी तोडून आलेलं, कुणी पोरांना शाळेत सोडून. नेट फक्त पश्चिमेच्या खिडकीपाशी यायचं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत खुर्च्या, फळा आणि प्रशिक्षक सगळेच खिडकीपाशी सरकले. बेत साधा होता. एक मोठा तक्ता, त्यात प्रत्येकाला एक पान, त्या पानावर आपापल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी. दुसऱ्या दिवशी मुरबाडला वाचनालयांच्या समित्यांचे लोक येणार आणि ती प्रोजेक्टरने भिंतीवर बघणार. मी प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली.

ज्यांनी कुणी हा तक्ता वापरला असेल त्यांना ठाऊक असेल, की नाव न नोंदवता आत शिरलं तर तो तुम्हाला एखाद्या जनावराचं नाव देतो. मला हे ठाऊक नव्हतं. पडद्यावर एकामागोमाग एक अनामिक पाणघोडा, अनामिक कासव, अनामिक वटवाघूळ असे पाहुणे उगवायला लागले आणि माडीवर एकच गलका झाला. धसईच्या दामूकाकांना ते स्वतः वटवाघूळ आहेत हे कळल्यावर त्यांनी तक्रार केली की मागच्या रांगेतल्या माणसाला सिंह मिळालाय आणि तो तर कालच ग्रंथपाल झालाय. सेवाज्येष्ठतेनुसार जनावरं मिळत नाहीत, हे समजावण्यात अर्धा तास गेला. त्या गडबडीत मी मोजणी केली तर माणसं बारा होती आणि जनावरं तेरा. जास्तीचा एक कोल्हा होता. कुणीतरी दोन फोन लावले असतील म्हणून मी सोडून दिलं.

कासव होत्या सुनंदाताई. किन्हवलीच्या पुढच्या एका गावात त्यांचं वाचनालय आहे. गावाचं नाव लिहायचं नाही अशी त्यांची अट आहे, का ते कळेलच. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला त्यांच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली आणि अगदी सहज आवाजात सांगितलं, की वाचनालयाची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याकडे आहे आणि आता ती जाणार. समितीचे अध्यक्ष आप्पा, त्यांना तिथे आपली सून बसवायचीय. त्यांनी ठराव करून ठेवलाय: उद्या दुपारपर्यंत सुनंदाताईंची यादी ऑनलाइन पूर्ण दिसली नाही, तर एक तारखेपासून किल्ली सुनेकडे. मी भाकरी खाली ठेवली. त्या मात्र सुकटीची चटणी पुढे सरकवत म्हणाल्या, "जेवा हो मॅडम, यादी काय पळून जातेय?"

टायपिंग त्यांना येत नव्हतं, म्हणून मी बोलून लिहायचं दाखवलं. पुस्तकांची नावं झकास उमटली. शेरा लिहिताना मात्र भांडण सुरू झालं. त्या म्हणाल्या "शेवटचं पान नाय" आणि फोनने लिहिलं "शेवटचं पण नाही". त्यांनी पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा तेच लिहिलं. शेवटी त्या फोनला म्हणाल्या, "तू कुठचा रं? पुन्याचा?" तेही त्याने इमानदारीत लिहून घेतलं. शेवटी आम्ही दोघींनी शेरे पुसले. पाच वाजता किन्हवलीची गाडी धरताना त्यांच्या सव्वातीनशेपैकी दीडशे पुस्तकं चढली होती. उरलेली घरी करते म्हणाल्या.

संध्याकाळ मोकळी होती म्हणून मी रिक्षाने तानशाच्या धरणावर गेले. जाऊन-येऊन चारशे सांगतात, साडेतीनशेला येतात. पाणी निळंशार, वारा गार, माणूस नाही. जरा जवळ जावं म्हणून मी पुढे निघाले तर रिक्षावाला म्हणाला, "मुंबयचं पानी हाय मॅडम, लांबूनच बगा." परत येऊन जेवण होईस्तोवर सुनंदाताईंचा एका शब्दाचा निरोप आला होता: झालं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शहापूरहून मुरबाडची एसटी. ही शेणवे, किन्हवली, सरळगाव करत जाते आणि डाव्या खिडकीची जागा मिळवायला भांडण करावं लागलं तरी करा. दोन्ही बाजूंना भाताची मोकळी खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, मधेच भेंडीचे हिरवे पट्टे. किन्हवलीला सुनंदाताई चढल्या. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. यादीत चाळीस पुस्तकं होती. त्याखाली सगळं कोरं, आणि एक्केचाळिसाव्या ओळीत एकच वाक्य: "काम अपूर्ण आहे. ग्रथालय समिती."

चूक माझी होती. लिंक देताना फक्त बघायची परवानगी द्यायची की खोडायचीही, हे तक्ता विचारतो. मी सगळ्यांना सगळीच देऊन टाकली होती. ग्रुपमध्ये समितीचे लोकही आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी माफी मागायला लागले, पण त्यांचं लक्ष त्या वाक्यावर होतं.

"ह्ये आप्पा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं कशावरून. तर म्हणे, आप्पा ग्रंथालयातल्या 'ग्र'वर जन्मात टिंब देत नाहीत. दारावरची पाटी त्यांच्याच कागदावरून रंगवलीय, तिच्यावरही नाही. कोल्हा कोण होता ते मला सरळगावच्या अलीकडे असं कळलं.

मुरबाडच्या हॉलमध्ये मी लॅपटॉप उघडला आणि मला येणारी एकुलती एक युक्ती, म्हणजे उलटा बाण, दाबत सुटले. काही होईना. भाचीचा फोन लागेना. बारा जण माझ्याभोवती उभे होते. प्रशिक्षणासाठी म्हणून मी लॅपटॉप मराठीत करून ठेवला होता. सुनंदाताई चष्मा लावून त्यावरचा एकेक पर्याय वाचत होत्या, जसं आपण नवीन पुस्तकाची पहिली पानं वाचतो तसं. मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"मॅडम, हितं आवृत्ती लिवलंय. आता बगतोय ती दुसरी आसंल तं पयली पन कुठंतरी आसंलच ना?"

'आवृत्ती इतिहास' असे ते शब्द होते. आठ दिवस मी त्यांच्यावरून नजर फिरवली होती. दाबलं, तर काल रात्रीची यादी सव्वातीनशे पुस्तकांसकट समोर आली. दामूकाका म्हणाले, छापखान्याला जे जमत नाय ते ह्याला जमलं.

आप्पा दोन वाजता आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. भिंतीवर सुनंदाताईंची यादी सरकत होती, संपतच नव्हती. आप्पांनी ती खालपर्यंत बघितली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सकाली तं चालीसच होती."

"सकाली तुमी कुठं बगितली?" दामूकाकांनी अगदी निरागसपणे विचारलं.

बारा माना आप्पांकडे वळल्या. सुनंदाताईंनी फळ्याजवळचा खडू उचलून आप्पांपुढे धरला. "आप्पा, ग्रंथालयाच्या डोक्यावर टिंब असतंय. येवढं द्या, मंग किल्ली मागा."

आप्पांनी घड्याळ बघितलं आणि मीटिंगमध्ये ठरवू म्हणाले. चहा न घेता गेले.

परत येताना स्टँडबाहेर धसईकडचा तांदूळ घेतला, पाच किलो. खरंच घ्या, पेज सुरेख होते. घरी आले ती रुखरुख घेऊनच. "मीटिंगमध्ये ठरवू"चा अर्थ मला चांगला कळतो, मीही एका समितीची नोकर आहे. मला सगळं येतं असा बोभाटा मी होऊ दिला, आणि त्यापायी एका बाईची बावीस वर्षं पणाला लागली होती. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. फोन करून विचारायचा धीर होईना. एक तारीख गेली.

तीन तारखेला अभिप्रायाचे ऑनलाइन फॉर्म यायला लागले. नाव ऐच्छिक होतं. पाचव्या फॉर्ममध्ये नावाची जागा मोकळी होती. गाव: लिहायचं नाही. पद: ग्रंथपाल, आजपन.

आणि खाली, प्रशिक्षकांविषयी मत: मॅडम चांगल्या हायेत. शिकतील.