हो म्हणू न देणारी सिस्टर

खामगावच्या डोळ्यांच्या शिबिरात रुग्णांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या छापणारा प्रोग्राम माझा होता, आणि तो फुकट लिहून दिल्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. पट्टीवर नाव आणि ऑपरेशनचा डोळा, एवढंच. इंग्रजी नावं टाकून तपासलं तेव्हा नावाआधी एक फालतू ‘b’ उमटला होता. असेना का, म्हणून मी सोडून दिला.

शिबिराच्या सकाळी खरी, मराठी नावं आली. पट्ट्यांवर नाव नाही, डोळा नाही. नुसतं ‘\xe0\xa4’ आणि पुन्हा तेच. सगळ्या पट्ट्या सारख्या, आणि त्या बांधूनही झालेल्या. केसपेपर होते, पण कोणता कुणाचा? रांगेत पहिली सोनाळा गावची एक आजी होती. मी घाईघाईने तिलाच विचारलं.

“आजी, उजवा डोळा ना?”

“हो.”

“की डावा?”

“हो, तोच.”

शिबिरातल्या सिस्टरने मला बाजूला केलं. “असं काऊन विचारता, सर? दवाखान्यात माणूस कशालेही हो म्हणते.” मग आजीजवळ बसून म्हणाली, “आजी, नाव सांगा तुमचं. कोण्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा.”

आजीने नाव सांगितलं आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवला. केसपेपरशी ताडून सिस्टरने त्या भुवईवर पेनाने खूण केली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा; एकदाही न चिडता. मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

कोपऱ्यात बसून चूक शोधली. संगणकात नाव बाइटच्या, म्हणजे आकड्यांच्या रूपात असतं. ते आकड्यांवरून अक्षरं लावणाऱ्या कोणत्या कोष्टकाने वाचायचं हे मी सांगितलंच नव्हतं. नुसतं ‘याचा मजकूर कर’ म्हटलं होतं. माझी प्रोग्रामिंगची भाषाही आजीसारखी हो म्हणाली आणि आकडेच छापून मोकळी झाली; तो फालतू ‘b’ म्हणजे बाइटचीच खूण होती. दुरुस्तीला एक ओळ लागली. दुसरी ओळ सिस्टरकडून शिकून घातली: मजकुराच्या जागी बाइट आले, तर छापू नकोस, थांब.

दुसऱ्या दिवशी आजीच्या डोळ्यावरची पट्टी सोडली. ‘दिसतं का?’ असं सिस्टरने विचारलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “काय दिसते, सांगा.”

आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मानूस हाय. दाढी केली नाही त्यानं.”

मी गालावरून हात फिरवला, आणि मला रडूच आलं.