फुकटची जागा नको

माझ्या सासूबाई, कमळाबाई, हट्टी होत्या. गेलेल्या माणसाबद्दल लोक बरं बोलतात, मी खरं बोलते. पंधरा वर्षं मी त्यांच्याशी भांडले, आणि सगळ्यात मोठ्या भांडणात चूक माझी होती, म्हणून सांगतेय.

आम्ही जालन्याकडचे ख्रिस्ती. सासरे, कोंडिराम, मुंबईच्या वेशीबाहेर हाटकेशच्या एका कारखान्यात फिटर लागले आणि सगळं घर गोडदेवच्या चाळीत आलं. आमच्यासारखी वीसेक घरं होती. रविवारची उपासना आमच्याच खोलीत, खाट उभी करून. बाकी सगळं जमलं, पण मेल्यावर पुरायला जागा नव्हती. कुणी गेलं की पेटी टेम्पोत घालायची आणि मुंबईतल्या एखाद्या कबरस्तानात हातापाया पडायचं. तिथंही जागा उसनी. पाच वर्षांनी तीच कबर उकरून दुसऱ्याला.

नव्वद साली सासऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. मला म्हणाले, "ममता, लांब नका टाकू मला. इथंच ठेवा, तुमच्याजवळ."

तेव्हापासून सासूबाई दर सोमवारी कबरस्तानाच्या जागेचा अर्ज घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत. साहेब म्हणायचे, वीस घरांना कबरस्तान कुठून देऊ? त्या म्हणायच्या, "वीस घरांत माणसं मरत नाहीत का?" शिपाई त्यांना बघून दार लावून घ्यायला लागला. मग त्या दाराबाहेर बसून पवित्र शास्त्र वाचायच्या, तेही मोठ्यानं. अशी बाई.

गोडदेवच्या धर्माजींच्या कानावर हे गेलं. गावातले जुने शेतकरी, भला माणूस. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, माझ्या शेताचा कोपरा घ्या. पैसा नको, कागद नको. माझा शब्द हाय."

मला रडूच आलं. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "कागद करून द्या, पैसे भरून घेते. फुकटची जागा नको." जमीन भावकीत अडकलेली, कागद होण्यातला नव्हता. धर्माजी बिचारे हिरमुसून गेले.

मी तोंड सोडलं. "आई, माणूस जायला टेकलाय आणि तुम्हाला कागद सुचतोय?"

"बायको सारा मेली तेव्हा अब्राहामाकडेसुद्धा वीतभर जमीन नव्हती," त्या म्हणाल्या. "तिथले हेथी लोक म्हणाले, आमच्या कबरीत पूर, पैसे कसले? ऐकलं का त्यानं? वेशीत, चार लोकांसमोर पुरते दाम मोजले. मागाहून कुणी म्हणू नये, उचला तुमची हाडं. मी आज दयेवर पुरलं तर तुझ्या पोरांनी पण दयेवरच मरायचं."

"अब्राहामाला वेळ होता. आपल्याला नाही," मी म्हटलं. त्या धर्माजींचा कप विसळायला उठल्या.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत सासरे गेले. पेटी मुंबईला, उसन्या कबरीत. दोन महिने मी सासूबाईंशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि तोंड फिरवायचे. चाळीतल्या बायकाही म्हणायच्या, म्हातारीनं नवऱ्याची शेवटची इच्छा मोडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोमवार आला की साडी बदलून कचेरीत गेल्या.

त्र्याण्णवला धर्माजी वारले. वर्षभरात त्यांच्या मुलांनी शेत बिल्डरला दिलं. सासऱ्यांना ठेवलं असतं त्याच कोपऱ्यात पाया खणताना मी डोळ्यांनी पाहिला. घरी येऊन सासूबाईंच्या पुढ्यात बसले, पण माफी मागायला जीभ उचलेना.

त्याच म्हणाल्या, "सोमवारी येशील बरोबर? गुडघे दुखतात."

मग आम्ही दोघी जायला लागलो. साहेब तीन बदलले, आम्ही त्याच. पंचाण्णवच्या शेवटी कागद हातात पडला. मिठागराच्या कडेचा तुकडा, खारट चिखल नुसता, पण शिक्क्याचा. पाळक म्हणाले, आभाराची उपासना ठेवू. सासूबाई म्हणाल्या, "आधी माझा माणूस आणते. तिकडची मुदत संपत आलीये."

पाळक चपापले.

"शास्त्रात मिसर देश सोडताना लोकांनी योसेफाची हाडं बरोबर घेतली होती ना?" त्या म्हणाल्या. "इथं तर मुंबईहूनच आणायचीत."

तिकडच्या लोकांनी सासऱ्यांची हाडं रीतसर काढून दिली. एवढीशी पेटी. मी मांडीवर घेतली, सासूबाई शेजारी, भाड्याची गाडी. दहिसर नाक्याजवळ ड्रायव्हरनं विचारलं, "पेटी में क्या है, चाची?"

"हमारे मिस्टर हैं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं गाडी बाजूला घेतली. असलं काही मी नेत नाही, उतरा म्हणाला. सासूबाईंनी उतरण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला, इतक्या थकल्या होत्या. मी पेटी घट्ट धरली.

"नहीं उतरेंगे," मी म्हटलं. "ससुर हैं मेरे. पाँच साल दूसरे की जमीन में रहे, अब अपनी जमीन में जा रहे हैं. कागज है हमारे पास. चलाओ."

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं गाडी चालू केली.

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हिंदी बरं येतं गं तुला."