पाठ असलेलं पुस्तक

शाळेत असताना मराठीच्या तासाला मी नुसते ओठ हलवायचे. अमरावतीतली आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. बाई एक ओळ म्हणायच्या आणि वर्गाने ती एका सुरात परत म्हणायची. शेवटून दुसऱ्या बाकावर मी सगळ्यांच्या किंचित मागे राहून तोंड उघडायचे, मिटायचे. जोडाक्षर दिसलं की ओठही मिटून घ्यायचे. परीक्षेच्या आधी आई धडे वाचून दाखवायची आणि ते ऐकून मी पाठ करायचे. दहावी झाली तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. मराठी नीट वाचायला मी शिकले ते एकोणिसाव्या वर्षी, खोलीचं दार लावून, पेपरातल्या छोट्या जाहिरातींवर बोट ठेवून.

त्यामुळे डी.एड. झाल्यावर तात्पुरती नेमणूक मिळाली ती नेमकी मराठी शाळेत, तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, एसटी मुख्य रस्त्यावर सोडते आणि तिथून वीस मिनिटं चालावं लागतं, अशा गावातली जिल्हा परिषदेची शाळा. पाचवीपर्यंतच. चौथी आणि पाचवी एका खोलीत माझ्याकडे.

पहिल्या आठवड्यातच कळलं की मुलांना मी विचित्र वाटते. मी "तुला, मला" म्हणायचे, ते "तुले, मले".

"मॅडम टीवीवानी बोलते," एकजण म्हणाला.

"हाव, पन टीवीचा आवाज तरी येते," दुसरी म्हणाली आणि वर्ग खो खो हसला.

ही दुसरी म्हणजे पाचवीतली सगळ्यात तल्लख मुलगी. दोन वेण्या, खणखणीत आवाज. वर्गाची मॉनिटर तीच आणि वाचनही तीच घ्यायची. पुस्तक हातात घेऊन ती पुढे उभी राहायची, एक ओळ म्हणायची आणि मागून सगळा वर्ग. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून ऐकेल असं वाचन. मुख्याध्यापक सर निवृत्तीला आलेले, सज्जन. ते कौतुकाने सांगायचे, "मॅडम, ही पोट्टी म्हणजे आपल्या शाळेची इज्जत आहे."

तिच्यासाठी ते वर्ष मोठं होतं. सहावीला तालुक्याला जावं लागायचं आणि तिची आई म्हणायची, रोज वाटेनं एकटी पोरगी मी धाडत नाही. मामा अकोल्याला होता, औषधांच्या दुकानात कामाला. राखीला आला तेव्हा त्याने बहिणीला सांगितलं होतं, "नेतो मी तिले, शाळेत टाकतो. पन माह्या घरी शिकवाले कोनी रिकामं नाई. तिले स्वताहून वाचता येत असन तरच नेतो." फेब्रुवारीत चावडी वाचन असतं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गावासमोर मुलांनी वाचून दाखवायचं. ते ऐकायला तो येणार होता. मुलीने वाचलं तर अकोला, नाहीतर घरी धाकट्या भावाला सांभाळणं. हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि तिच्या वाचनाची काळजी कोणालाच नव्हती.

मलाही नव्हती, पंख्याने पान उलटेपर्यंत.

ऑगस्टमधली दुपार होती. ती पुढे उभी राहून धडा वाचत होती. पुस्तक टेबलावर ठेवलेलं, बोट ओळीवर. पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं, मग आणखी एक. खाली कवितेचं पान आलं. तिचं बोट कवितेवरून सरकत राहिलं आणि तोंडातून धडा तसाच चालू राहिला, एक शब्द न चुकता. मागे वर्ग एका सुरात.

वर्गातल्या कोणाच्या हे लक्षात येणं शक्य नव्हतं. मला मात्र ते न वाचता फिरणारं बोट चांगलं ओळखीचं होतं.

सुट्टीत मी तिला हातपंपाजवळ गाठलं. हळूच पुस्तकातली पुढची, अजून न शिकवलेली ओळ दाखवली. तिने ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे झालं नाई अजून."

"झालं नाही म्हणूनच. वाच ना."

"मले येते वाचता," ती म्हणाली आणि पंपाचा दांडा जोरजोरात हापसायला लागली. प्यायला कोणीच नव्हतं.

मला फार बोलता येत नाही. पण त्या दिवशी मी जे कोणालाच, आईलाही, सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ओठ हलवायचे ते. पाठ करायचे ते.

"तुमाले येत नव्हतं? खोटं!"

"खरंच."

"मंग पकडलं कोनी?"

"कोणीच नाही."

"बरंच झालं की मंग."

"नाही ना झालं बरं. पकडलं असतं तर लवकर शिकले असते."

तिने दांडा सोडला. ओल्या चिखलात पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली. मग म्हणाली, "आईले सांगसान काय?"

"नाही."

"सरले?"

"कोणालाच नाही. पण शिकायचं."

तिने मान हलवली. मी घरी जाऊन अक्षरांची कार्डं केली. रंगीत, सुंदर, एका बाजूला चित्र नि दुसऱ्या बाजूला शब्द. चार दिवसांत तिला सगळी आली. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका कार्डावर डाळ सांडली म्हणून ते मी नवीन केलं, तर तिला ते वाचता येईना. मग लक्षात आलं. हे कार्ड कोपरा दुमडलेलं, ते शाईचा ठिपका असलेलं, अशी तिने सगळी पाठ केली होती. अक्षराकडे पाहायची गरजच पडली नव्हती. पुस्तक दिलं की पुस्तक पाठ, तक्ता दिला की तक्ता पाठ. एवढी स्मरणशक्ती मी कोणात पाहिली नाही, आणि तीच आडवी येत होती.

एसटीत खिडकीशी बसून मी विचार केला, हिला पाठ करता येणार नाही असं काय असेल? जे कालपर्यंत नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटताना मी विचारायला लागले, आज गावात काय झालं? मुलं सांगायची ते वहीत टिपून घ्यायचे आणि सकाळी त्यातल्या चार-पाच ओळी फळ्यावर लिहायचे, जशाच्या तशा. "राती माकडं आले अन आमच्या टिनावर नाचले." "चक्की बंद हाय, आता भात खा." मुलं घंटा व्हायच्या आधी येऊन फळ्यासमोर गर्दी करायला लागली. आपलं बोलणं फळ्यावर येतं हेच त्यांना पटत नव्हतं.

सरांनाही पटलं नाही.

"मॅडम, हे 'आले अन नाचले' फळ्यावर? साहेब आले तर काय म्हणतील?"

"साहेब आले की पुसते सर."

सर चष्म्यावरून पाहत राहिले. "तुम्ही बोलत नाही जास्त, पण करता मात्र मोठंच."

मग मी एका सुरातलं वाचन बंद केलं. दोघादोघांनी बसायचं, एकाने हळू आवाजात वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. अडलं तर हवा तेवढा वेळ थांबायचं. ऐकणाऱ्याने सांगायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांना अशक्य झालं. आमच्याकडे कोणी अडलं आणि आपण गुमान बसलो असं होतच नाही. म्हणून मी ऐकणाऱ्याच्या तोंडात धुतलेला चिंचोका ठेवायला लावला. दोन दिवस ते छान चाललं, तिसऱ्या दिवशी चौथीतल्या एकाने तो गिळला. मग नुसता तोंडावर हात.

तिला हे सगळं आवडलं नाही. वर्गासमोर उभं राहणं गेलं, खणखणीत आवाज गेला. भिंतीशी बसून ती एकेक अक्षर जोडायची, चुकायची, कानशिलं लाल व्हायची. दिवाळीनंतर एक दिवस तिची आई निंदणाचं काम सोडून शाळेत आली. पदर खोचलेला, हाताला माती.

"मॅडम, तुमी पोट्टीले काय केलं? पहिले फाडफाड वाचे. आता घरी पुस्तक घेतलं की अडकत अडकत वाचते अन रडते. तुमी आल्यापासून बिघडली ते."

खरं सांगितलं तर दिलेला शब्द मोडत होता. मी इतकंच म्हटलं, "ताई, फेब्रुवारीपर्यंत थांबा."

"फेब्रुवारीत तिचा मामा येनार हाय! त्याच्यासमोर अशी वाचली तर तो नेईन काय? पहिल्यावानी वाचू द्या ना तिले."

मुलगी दाराआडून ऐकत होती. पहिल्यासारखं वाचणं तिच्या हातात होतं. त्याच संध्याकाळी ठरवलं असतं तर ती परत तशी वाचू शकली असती आणि सगळे खूश झाले असते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा ती आधीच फळ्यासमोर बसली होती. रिकाम्या फळ्यासमोर. म्हणाली, "लिवा ना लवकर."

डिसेंबरात एका सकाळी मी चौथीतल्या एकीने सांगितलेली बातमी लिहिली होती. दोन वेण्यांची ती बोट धरून वाचायला लागली. "पाचवीतल्या... मॉनिटरच्या... बकरीनं..." इथे ती थांबली. डोळे पुढे गेले. आणि तोंडातून पुढचा शब्द निघायच्या आधीच तिला हसू फुटलं. "...रिबीन खाल्ली! अव माय! कोनं सांगतलं मॅडमले?" ती त्या चौथीतल्या मुलीच्या मागे वर्गभर धावली. मी खडू हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझे डोळे भरले होते. तो शब्द तिने कोणाकडून ऐकला नव्हता, डोळ्यांनी उचलला होता.

फेब्रुवारीतली संध्याकाळ. ओट्यावर सतरंजी अंथरली होती. हरभऱ्याच्या कामातून लोक तसेच आले होते. बायका एका बाजूला, तिची आई सगळ्यात पुढे. मामा कडेला उभा, काखेत पेपर. सरांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मॅडम, तिला नवव्या धड्यावर घेतो. पाठ आहे, बिनधोक." मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच ठाऊक नाही.

ती उभी राहिली. नववा धडा धो धो वाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आईचा चेहरा उजळला. मामा मात्र तसाच.

"सर, हे तं पाठ हाय तिचं," तो म्हणाला. "माह्या दोनी लेकरायचं असंच हाय. धडा म्हनतात, दुकानाची पाटी वाचता येत नाई." त्याने काखेतला पेपर काढून तिच्यासमोर धरला. "हे वाच बेटा. कोनतंबी."

सर माझ्याकडे पाहायला लागले. आई उठून उभी राहिली, परत बसली. मी खांबाला टेकून उभी होते.

तिने पेपर सतरंजीवर पसरला, गुडघ्यांवर बसली आणि बोट ठेवलं. आवाज अगदी लहान झाला. "अ... कोला... शहराचा... पाणी... पुरवठा..."

"मोठ्यानं!" मागून कोणी तरी म्हणालं.

"अडकली रे," दुसरा म्हणाला.

"दोन दिवस... बंद. मुख्य..." इथे ती थांबली. जलवाहिनी. ती थांबून राहिली. एका म्हाताऱ्या बाबांना राहवलं नाही, ते म्हणाले, "मुख्य रस्ता असन."

"नाई बाबा," तिने मान वर न करता सांगितलं. "रस्ता नाई लिवलेला. थांबा जराक, मी वाचून राहिली."

लोक थांबले. अख्खा ओटा एका दहा वर्षांच्या मुलीच्या बोटाकडे पाहत गप्प बसला. "ज... ल... वा... हिनी. जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे मंगळवारी व बुधवारी नळाला पाणी येणार नाही. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा."

तिने बोट उचललं. टाळ्या वाजायच्या आधीच मामा खाली वाकला.

"मंगळवारी? म्हंजे उद्या?"

"पेपरात मंगळवार लिवला हाय," ती म्हणाली. "उद्या मंगळवारच हाय."

"दाखव कुठं हाय?" तिने बोट ठेवून दाखवलं. मामाने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोरच बायकोशी मोठ्याने बोलायला लागला. "अवं, आयक. टाकी भर. ड्रम भर. अवं सगळंच भर, उद्या-परवा नळ येत नाई. मले कोनं सांगतलं? पेपरात हाय. मी कुठं वाचला, सकाळपासून नुसता काखेत घेऊन फिरून राहिलो! भाचीनं वाचून दाखवला." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो तिच्याकडे पाहत म्हणाला, "हाव. आनतो ना. जूनमंदी आनतो. तुले पेपर वाचून दाखवन ते."

तिची आई माझ्याकडे आली. तिने मातीचा हात लुगड्याला पुसून माझा हात धरला आणि मला खांबाजवळून ओढून सतरंजीवर आपल्याशेजारी बसवलं.

कार्यक्रम संपला असं सरांनी जाहीर केलं, पण उठलं कोणीच नाही. म्हातारे बाबा आणखी पुढे सरकले.

"पोरी, पलटव पान. आपल्या इकडचं काय लिवलं हाय ते पाय."

तिने पान उलटलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागली.