नाइफमधला के

एकाच स्टाफरूममध्ये इंग्रजीचे तिघं शिक्षक बसले की किस्से साचायला वेळ लागत नाही. पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत मी तेवीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारतेय. बरोबर काय, हे आता मला विचारू नका!

*

देशमुख सर आमच्यात ज्येष्ठ. नोकरीच्या सुरुवातीला तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना भर वर्गात टोकलं होतं, 'ऑफ्टन' नाही, 'ऑफन', टी सायलेंट. तेव्हापासून टी उच्चारणाऱ्या प्रत्येक पोराकडून सर तो शब्द दहादा घोकून घ्यायचे. परवा नव्या मेश्राम मॅडम खुशाल 'ऑफ्टन' म्हणाल्या. सरांनी हटकलं, तर मॅडमनी मोबाईलवर डिक्शनरीच उघडली. दोन्ही चालतं! टी पूर्वी होता, मध्ये गेला, आता परत आला.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंग मी तीस वर्षं पोरायले कायले टोकून राह्यलो होतो?"

*

ऑनलाइन ट्रेनिंगमधल्या बाई 'स्केज्युल' म्हणाल्या, आमचे हेडमास्तर 'शेड्यूल'वर ठाम. डबे उघडले तरी वाद मिटेना. मेश्राम मॅडमनी वाचून दाखवलं, की काही शतकांपूर्वी खुद्द इंग्रज 'सेड्यूल' म्हणायचे.

हेडमास्तरांनी डबा बंद केला. मग शिपायाला बोलावून म्हणाले, "बोर्डावर मराठीत 'वेळापत्रक' लिहा."

*

मी नवी असताना कविता राठोड बंजारा तांड्यावरून शाळेत यायची. सहावीत धडा वाचताना ती 'नाइफ'ला 'क्नीफ' म्हणाली. मला हसू आवरलं नाही. मी हसले म्हणून वर्गही हसला. त्यानंतर कवितानं कधी मोठ्यानं वाचलं नाही. मीही तिला उठवलं नाही.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात ऐकलं, की पूर्वी इंग्लंडात नाइफमधला के बोलला जायचा. जुना उच्चार जवळजवळ 'क्नीफ'! मला सहावीचा तो वर्ग आठवला. तिथून पुढचं एक अक्षर मी ऐकलं नाही.

या जूनमध्ये कविता मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी आली. मी तिला बाजूला बसवून सगळं सांगितलं. तू चुकली नव्हतीस, मी चुकले, असंही म्हणाले. तिनं मुलीची कागदपत्रं नीट पिशवीत ठेवली.

"बरं झालं सांगतलं, मॅडम," ती म्हणाली. "पन वर्गातल्या त्या चाळीस पोरायले आता कोन सांगन?"